एका खिळ्याचे दोन वैरी

सानगडीच्या परिसरात टायरात घुसायला उमेदवारांची टंचाई कधीच नसते. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभी असलेली बाभूळ ही तर कायमस्वरूपी नेमणूक. तिच्याशिवाय बैलाच्या नालेतून निसटलेला खिळा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गळलेली चूक, स्लॅबच्या फळ्या उखडल्यावर रस्त्याकडेला राहिलेला वाकडा मोळा, हे हंगामी कर्मचारी असतातच. दिवाळी सरून धान घरात आलं, शंकरपट आणि नाटकांचे दिवस सुरू झाले, की मंडपवाल्यांची भर पडते. मंडप उतरतो, ट्रक निघून जातो, चुका मागे राहतात. त्या पडतात तेव्हा नेमक्या टोक वर करूनच का पडतात, याचा शोध अजून कोणत्याही विद्यापीठाने घेतलेला नाही.

सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं, जुन्या किल्ल्याचं गाव. साकोलीतून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. तिथे टायर बसला तर माणूस निदान येणाऱ्याजाणाऱ्या ट्रककडे आशेने बघू शकतो. सानगडीहून शेतावर, सोयऱ्यांकडे किंवा बाजाराला निघालेल्याचं तसं नाही. त्याची गाडी बरोबर दोन गावांच्या मधोमध बसते. मग गाडी ढकलायची, मागे बसलेल्याने मागून हातभार लावायचा आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाने 'पंचर झाली का जी?' असं विचारायचं. चाक रिमवर आलेलं धडधडीत दिसत असतानाही हे विचारलं जातंच. 'नाही जी, गाडीला फिरायला आणलं' असं उत्तर द्यायची हिंमत कोणी करत नाही, कारण हवा भरायचा पंप नेमका विचारणाऱ्याच्याच घरी निघण्याची शक्यता असते.

बजाज चेतकच्या जमान्यात स्कूटरवाल्यांची शान वेगळी होती. गाडीला स्टेपनी असायची. पंक्चर झालं की चेतकवाला पान्याने नट सोडवून चाक बदलायचा आणि हात पुसत पुढे जायचा. मोटारसायकलवाल्याच्या नशिबी ते सुख कधीच नव्हतं. पुढे २००१ साली होंडाची अ‍ॅक्टिव्हा आली. तिने स्टेपनी काढून टाकली, पण सुरुवातीच्या अ‍ॅक्टिव्हांना 'टफ-अप ट्यूब' नावाची वस्तू दिली. या ट्यूबच्या पोटातच भोक बुजवणारं द्रव्य असे. म्हणजे ज्या काकू 'आमची गाडी कधी पंक्चरच होत नाही' असं अभिमानाने सांगत, त्यांची गाडी पंक्चर होत असेलही, फक्त ती बातमी काकूंपर्यंत पोहोचत नव्हती.

आजच्या टायरांत टाकलं जाणारं 'लिक्विड' किंवा 'जेल' हे त्याच विचाराचं मोठं झालेलं अपत्य. टायर ट्यूबलेस झाले, आणि ट्यूबलेस टायरात हे काम जास्त चांगलं होतं. टायरच्या मापानुसार साधारण २०० ते ३५० मिली द्रव्य वालातून आत सोडतात. त्यात पाणी, ग्लायकॉल, बारीक तंतू, रबराचा चुरा असा माल असतो. काहींत रबराचा चीक, म्हणजे लेटेक्स असतं. चाक फिरू लागलं की द्रव्य बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि टायरच्या आतल्या अंगाला लेप बसतो. खिळा घुसला की हवा त्या भोकाकडे धावते, द्रव्यालाही ओढून नेते, तंतू भोकात अडकतात आणि दार बंद होतं. पाकिटावर साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाची हमी असते, तीही फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागापुरती. बाजूची भिंत फाटली तर लिक्विड फक्त रस्त्यावर सडा घालतं.

ही सोय गावोगावच्या लोकांना मनापासून पटली, कारण तिच्यात आपल्या आवडीचं एक तत्त्व आहे: टाकलं आणि विसरलं. द्रव्यावर मुदत छापलेली असते, बहुतेकदा वर्ष-दोन वर्षांची. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की विदर्भात ते त्याआधीही वाळू लागतं. पापुद्रे होतात, गोळे होतात, चाक हलकेच डुलू लागतं. पण मुदत वाचायची तर पाकीट जपून ठेवावं लागतं, आणि ते तर दुकानातच टाकलेलं असतं.

आता दुसरा वैरी. टायरातली हवा मोजून चालकाला सांगणाऱ्या यंत्राचा प्रवास बराच श्रीमंती थाटात सुरू झाला. १९८६च्या सुमारास पोर्शे ९५९ या गाडीत ते दिसलं, आणि ती गाडी घेणाऱ्यांना पंक्चरवाल्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसायचा प्रसंग फारसा येत नसणार. पुढे अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोररच्या फायरस्टोन टायरांनी बरेच जीव घेतले, २००० साली तिथे कायदा झाला आणि काही वर्षांत प्रत्येक नव्या मोटारीत हे यंत्र सक्तीचं झालं. युरोपनेही २०१४पर्यंत सगळ्या नव्या मोटारींना ते लावलं. दुचाकीवर सक्ती नाही. पण दुचाकीवाल्याला सक्तीशिवायही हौस असते. २०२३ साली टीव्हीएसची अपाची आरटीआर ३१० आली, तेव्हा हे यंत्र वेगळे पैसे मोजून घ्यायच्या एका संचात मिळत होतं. त्याच संचात पितळेचा मुलामा दिलेली चेनही होती. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात चेनलाही पितळ लागल्याची बातमी खरं तर जास्त गाजायला हवी होती.

सानगडीसारख्या गावात मात्र ३१० सीसीची वाट कोणी बघत नाही. इथे सेन्सर येतो तो टोपीच्या रूपात. वालाच्या टोकाला जी काळी टोपी असते, तिच्या जागी बोटाच्या पेराएवढी जाडजूड टोपी फिरवायची, मोबाइलवर अ‍ॅप घ्यायचं किंवा हँडलवर छोटा डबा लावायचा, झालं. टोपीत नाण्यासारखा सेल असतो. ती बिनतारी लहरींनी हवेचा आकडा कळवत राहते. पुण्याला नोकरीला असलेला भाचा दिवाळीला येतो, मामाच्या गाडीला ही टोपी लावून देतो, आणि मामा पुढचे आठ दिवस पानठेल्यावर उभे राहून लोकांना आपल्या चाकातली हवा दाखवत असतात. आतापर्यंत माणसं जमिनीचा सातबारा दाखवायची.

टोपीचा धोका बाजाराच्या दिवशी कळतो. साधी टोपी पोरंटोरं काढून नेतात ती गंमत म्हणून. ही टोपी नेली तर नुकसान शे-पाचशेच्या पुढे जातं. म्हणून कंपन्या सोबत एक लॉकनट आणि चपटा पाना देतात. तो पाना घरी राहतो आणि हवा भरायची वेळ गावाबाहेर येते.

इथपर्यंत दोन्ही वस्तू आपापल्या जागी गुणी आहेत. भानगड सुरू होते ती दोन्ही एकाच टायरात नांदायला गेल्यावर. एका घरात एक माणूस सगळ्यांची पापं पोटात घालणारा आणि दुसरा कानात सांगणारा असावा, तसं हे आहे. लिक्विडचा सगळा धर्म झाकण्याचा: खिळा लागला, भोक पडलं, पण मालकाला कळू द्यायचं नाही. सेन्सरचा धर्म चहाडीचा: अर्धा पीएसआय जरी गेला तरी बोंब ठोकायची. आणि घरातल्यासारखंच इथेही झाकणारा एक दिवस सांगणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबतो.

हा बोळा कसा बसतो ते नीट बघण्यासारखं आहे. सेन्सरच्या आत सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो, त्या वाकण्यावरून विजेचा संकेत बदलतो आणि त्यातून आकडा निघतो. या पडद्यापर्यंत हवा पोहोचायला एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. आता लिक्विडचा हुकूम काय? जिथे छिद्र दिसेल तिथे घुसायचं आणि ते बुजवायचं. हे छिद्र बाभळीच्या काट्याने पाडलं की इंजिनिअरने, एवढी चौकशी ते करत नाही. शिवाय लिक्विड टाकायची वाट वालातूनच जाते. टायराच्या आत बसवलेला सेन्सर बहुधा त्याच वालाच्या बुडाशी असतो. म्हणजे पाव लिटर चिकट माल त्याच्या अंगावरूनच जातो. टोपीवाला सेन्सर बाहेर असल्यामुळे यातून सुटल्यासारखा वाटतो, पण तोही पूर्ण सुटत नाही. टोपी वालाची पिन सतत दाबून धरते, नाहीतर तिला हवाच लागणार नाही. लिक्विड टाकताना वालाच्या नळीत राहिलेला शेंबूड मग त्या दाबलेल्या पिनेच्या बाजूने वर चढतो आणि टोपीत जाऊन सुकतो.

सुकल्यावर जे घडतं ते जास्त मजेदार. सेन्सर बंद पडला तर निदान कळतं. पण नुसतं छिद्र बुजलं तर तो आतल्या कोंडलेल्या हवेचाच आकडा सांगत राहतो. टायर बसत चाललेला असतो आणि अ‍ॅपवर २९. मामा वळणावर गाडी आडवी घालतात, मागचं चाक वाहून गेल्यासारखं वाटतं, मामा उतरून टायरकडे बघतात, मग मोबाइलकडे बघतात आणि शेवटी मोबाइलवर विश्वास ठेवतात. छापील आकड्यावर विश्वास ठेवायची आपली सवय फार जुनी आहे.

उलट्या बाजूनेही फसगत होते, आणि तिचा दोष लिक्विडचा नाही, निसर्गाचा आहे. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेच्या सुमाराला संपतं. समजा, डिसेंबरात दुपारी दोन वाजता ३० अंशांत अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या चाकात कंपनीने सांगितलेली २९ पीएसआय हवा भरली आणि गडी नाटकाला गेला. गाडी उघड्यावर उभी. पहाटे चारला पारा ११ अंशांवर. हवा एवढीशीही गळालेली नसताना दाब २६च्या आसपास येतो, कारण थंडीत हवा आक्रसते. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात हे असतं, पण तेव्हा चाकाशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. टोपीवर इशाऱ्याची पातळी २७ ठेवलेली असली की गाडी सुरू करताच हँडलवरचा डबा केकाटू लागतो. आधीच तिसऱ्या अंकात नायिका मेलेली, डोळे सुजलेले, त्यात चाक मेल्याची बातमी! मग पाच जण मोबाइलच्या उजेडात टायरभोवती उकिडवे बसतात, एक जण थुंकी लावून वाल तपासतो, बुडबुडा येत नाही. टायर धडधाकट. मेच्या दुपारी हेच उलटं होतं. सकाळी भरलेले २९ भर उन्हात ३१-३२ दाखवतात आणि कोणीतरी शहाणा हवा कमी करून मोकळा होतो. हवा थंड टायरात मोजायची असते. इशारा किती कमी दाबाला लावायचा तेही माणसानेच ठरवायचं असतं. अमेरिकेच्या मोटारींच्या नियमात ठरलेल्या दाबापेक्षा पाव हिश्शाने हवा उतरल्यावर दिवा लागतो, दोन पीएसआयला नाही.

सरकारने तर या दोन वैऱ्यांचं लग्नच लावून दिलं आहे. जुलै २०२०मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि लिक्विडसह पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी ठेवायची गरज नाही. म्हणजे सरकारच्या मते जोडी जमते. आता मोटारीसोबतचं पुस्तक उघडावं. कित्येक पुस्तकांत म्हटलेलं असतं की लिक्विड वापरलंत तर सेन्सर साफ करून घ्या किंवा बदला. लिक्विडच्या बाटलीवर ठळक अक्षरांत 'सेन्सरला सुरक्षित' असतं आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'पंक्चर काढताना सेन्सर पाण्याने धुवावा'. दोन्ही विधानं खरी आहेत. लग्नपत्रिका आणि घटस्फोटाचा अर्ज एकाच पाकिटात मिळतो, एवढंच.

मोटारीतलं लिक्विड निदान पंक्चर झाल्यावर टाकायचं असतं, म्हणून सेन्सरचा संसार तोवर सुखाचा होतो. दुचाकीवाला ते पंक्चरच्या आधीच टाकून ठेवतो. त्यामुळे इथे भांडण पहिल्या दिवसापासून.

या सगळ्यात ज्याला कोणी विचारत नाही तो म्हणजे पंक्चरवाला. त्याच्याविषयी लोकांच्या मनात कायमचा संशय. खिळे तोच टाकतो, अशी वदंता प्रत्येक गावात असते. बंगळुरात एका अभियंत्याने रोज ऑफिसला जाता-येता लोहचुंबकाने रस्त्यावरचे खिळे वेचले आणि ते किलोंनी भरले. तेव्हा वदंतेत काहीच तथ्य नसतं असं नाही. पण या कामातले थोर पूर्वज पंक्चरवाले नाहीतच. १८९२ साली मिशलाँ बंधूंनी पॅरिसहून क्लेरमाँ-फेराँपर्यंत सायकल शर्यत ठेवली आणि आपला टायर किती झटपट दुरुस्त होतो हे दिसावं म्हणून वाटेत खिळे पसरले, असं सांगितलं जातं. ती कंपनी आज जगातली एक मोठी टायर कंपनी आहे. सानगडीच्या चौकातल्या बिचाऱ्याचं अजून पत्र्याचंच दुकान आहे.

त्याच्या दुकानात लिक्विडवाला टायर येतो तेव्हा काय होतं, ते एकदा उभं राहून बघावं. तो नेहमीप्रमाणे वालाची पिन काढतो. फुस्स आवाजासोबत हिरवा किंवा गुलाबी फवारा त्याच्या तोंडावर येतो. तो काही न बोलता गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसतो. टायर रिमवरून उतरवतो तर आत शेवाळलेल्या डबक्यासारखा चिखल. ट्यूबलेसची बत्ती त्या ओलसर भोकात धरत नाही. आतून पॅच लावायचा तर घासायला, सोल्यूशन लावायला जागा कोरडी ठणठणीत हवी. म्हणजे आधी टायर धुवा, पुसा, वाळवा. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं आणि पैसे मागताना मालक म्हणतो, 'अहो, एकच तर पंचर होतं!' तोपर्यंत आतला सेन्सर टायर लिव्हरच्या फटक्याने मोडलेला असतो, कारण आत तसलं काही आहे हे मालकाने सांगितलेलंच नसतं. पंक्चरवाल्याची सगळी तक्रार एका वाक्याची असते: 'लिक्विड टाकलं असन तं आधीच सांगत जा ना जी!'

मग करायचं काय? या परिसरात बहुतेक दुचाक्या शंभर-सव्वाशे सीसीच्या, वापर शेत-बाजार-तालुका असा. त्यांना टायराच्या आत बसणारा महागडा सेन्सर ही चैन आहे, आणि त्यात लिक्विड ओतणं हा त्या चैनीवर केलेला दुसरा खर्च. ज्याला दोन्ही हवंच आहे त्याने टोपीवाला सेन्सर घ्यावा, लेटेक्सचं किंवा फेसाचं लिक्विड टाळून पाण्यात विरघळणारं, तंतूवालं घ्यावं. लिक्विड टाकताना टोपी काढून ठेवावी, टाकून झाल्यावर पिन बसवण्याआधी कॉम्प्रेसरची हवा मारून वालाची नळी मोकळी करावी. हवा भरताना, तपासताना वाल खाली असू नये. चाक फिरवून तो वर आणावा आणि दोन मिनिटं थांबावं, म्हणजे आतला माल खाली उतरतो. टोपीचं वजन असतं, फिरत्या चाकात ते रबरी वालाला ओढत राहतं, म्हणून वाल धातूचा बसवून घ्यावा. आणि पंधरा दिवसांतून एकदा साध्या, काट्याच्या गेजने हवा मोजून ती टोपीच्या आकड्याशी जुळते का बघावं. जुळली नाही तर टोपी खोटी, गेज खरा.

एक गोष्ट मात्र लिक्विडवाल्याने सेन्सरची चहाडी ऐकलीच पाहिजे अशी आहे. टायर दर दोन-तीन दिवसांनी चार-पाच पीएसआय उतरत असेल, तर बहुधा आत कुठेतरी खिळा बसलेला आहे आणि लिक्विड त्याच्याशी कसंबसं झुंजतंय. अशा वेळी पुन्हा पुन्हा हवा भरत राहण्याऐवजी टायर उतरवून खिळा काढावा आणि रीतसर पॅच मारून घ्यावा. लिक्विड ही घरापर्यंत पोहोचायची सोय आहे, दुरुस्ती नव्हे. खिळा आत तसाच ठेवून वर्षभर गाडी पळवणारे कमी नाहीत आणि त्यांचे टायर वेळेआधी बाद होतात.

तेव्हा पुढच्या वेळी चौकात गाडी लावून 'भाऊ, पंचर बघा' म्हणताना त्याच दमात आणखी एक वाक्य बोलावं: आत लिक्विड आहे, आणि वालावर सेन्सर आहे. पंक्चरवाला तोंड बाजूला घेईल, लिव्हर जपून घालेल आणि बहुधा दहा-वीस रुपये जास्त मागेल. ते द्यावेत.